अवघड उत्तर-आधुनिक कादंबरीवर चर्चेला बसताना: नवख्यांसाठी पायरी पायरीने

अवघड कादंबरीवरची चर्चा बहुतेक वेळा पहिल्या पाच मिनिटांतच फसते. कुणीतरी विचारतं, "ते सगळं ठीक आहे हो, पण याचा अर्थ काय?" मग एक तर सगळे गप्प बसतात, नाहीतर ज्याने चार समीक्षाग्रंथ चाळलेत तो बोलायला लागतो आणि बाकीचे माना डोलावतात. दोन्हीत कादंबरी बाजूलाच राहते.

अशा बैठकांना मी बरीच वर्षं जाते आणि अलीकडे चालवतेही. खालच्या पायऱ्या त्यातूनच हाताला लागल्या आहेत. माझं म्हणणं एवढंच आहे की उत्तर-आधुनिक कादंबरीचा, म्हणजे खरं काय आणि रचलेलं काय याचीच खात्री मोडणाऱ्या कादंबरीचा, एकच अर्थ निघत नाही हे मान्य, पण म्हणून काहीही बोललं तरी चालतं असं नाही. जो अर्थ सांगाल त्याला पान दाखवावं लागेल.

उदाहरण म्हणून सगळीकडे एकच कादंबरी घेतली आहे: थॉमस पिंचन यांची १९६६ सालची 'द क्राइंग ऑफ लॉट ४९'. कथानक शेवटपर्यंत उघड करणार आहे, तेव्हा वाचायची असेल तर आधी वाचून या.

गोष्ट थोडक्यात अशी. कॅलिफोर्नियातली ईडिपा मास नावाची बाई घरी येते तर पत्र आलेलं. तिचा जुना प्रियकर, गडगंज जमीनदार पियर्स इन्व्हेरॅरिटी, वारला आहे आणि त्याच्या मृत्युपत्राची व्यवस्था तिच्याकडे सोपवून गेला आहे. ते निस्तरायला ती सॅन नार्सिसो नावाच्या (काल्पनिक) गावी जाते. तिथे तिला जिथे तिथे एक चिन्ह दिसायला लागतं: टपालवाल्यांचं जुनं शिंग, तोंडात बोळा घातलेलं. सरकारी टपालाला चुकवून चालणारी ट्रिस्टेरो नावाची गुप्त टपालयंत्रणा शतकानुशतकं चालू आहे, असं तिला वाटू लागतं. ती खरंच आहे की नाही हे कळायच्या आत कादंबरी संपते.

काय काय लागेल

- प्रत्येकाकडे स्वतःची प्रत, शक्यतो एकाच आवृत्तीची. तसं जमत नसेल तर पानाच्या आकड्याऐवजी प्रकरण आणि परिच्छेदाचे पहिले शब्द सांगायची सवय लावा. नाहीतर निम्मा वेळ "माझ्याकडे हे पान नाहीच" यात जातो.
- दोन रंगांच्या चिकटपट्ट्या. एक रंग 'हे आधीही आलं होतं' यासाठी, दुसरा 'हे कळलं नाही' यासाठी.
- पात्रांची यादी, एका कागदात मावेल एवढीच.
- टीपांचं एखादं पुस्तक, पण पूर्ण गटात मिळून एकच, आणि तेही पहिलं वाचन झाल्यावर उघडायचं. या कादंबरीसाठी जे. केरी ग्रँट यांचं १९९४ सालचं पुस्तक आहे, त्यात प्रकरणवार टीपा मिळतात.
- दोन बैठकांची तयारी. एका बैठकीत हे होत नाही.
- चार ते आठ माणसं. दहाच्या वर गेलात की भाषणं सुरू होतात.

१. आधी छोटी कादंबरी घ्या

नाव मोठं म्हणून थेट पिंचन यांच्याच 'ग्रॅव्हिटीज रेनबो'ला (१९७३) हात घालायचा मोह होतो. ती साडेसातशे पानांच्या पुढे जाते. डेव्हिड फॉस्टर वॉलेस यांची 'इन्फिनिट जेस्ट' (१९९६) हजारावर पानांची, शिवाय शेवटी ३८८ टीपा. नव्या गटातली निम्मी माणसं अशा पुस्तकांच्या मध्यावरच गळतात, आणि मग चर्चा पुस्तकाची न होता 'कोण कुठपर्यंत पोचलं' याची होते.

वाटतं तेवढा हा संकोचाचा विषय नाही. १९७४ साली पुलित्झर या अमेरिकन पुरस्काराच्या परीक्षकांनी 'ग्रॅव्हिटीज रेनबो'ची एकमताने शिफारस केली होती. मंडळाने ती फेटाळली आणि त्या वर्षी कादंबरीचा पुरस्कार कुणालाच दिला नाही. ज्यांचं कामच वाचणं आहे त्यांच्यातही असं होतं.

'लॉट ४९' सहा प्रकरणांची आहे आणि दोनशे पानांच्या आत आटोपते. तशीच व्लादिमिर नाबोकोव्ह यांची 'पेल फायर' (१९६२) घेता येईल: एका कवीची ९९९ ओळींची कविता आणि तिच्यावर एका विक्षिप्त माणसाचं लांबलचक भाष्य. छोटी म्हणजे सोपी असं समजू नका. छोटीचा फायदा एवढाच की ती दोनदा वाचून होते, आणि अशा कादंबरीवर बोलण्यासारखं जे काही असतं ते बहुतेक दुसऱ्या वाचनातच सापडतं.

२. पहिलं वाचन एका दमात, फोन लांब ठेवून

कळलं नाही तिथे पट्टी चिकटवा आणि पुढे चला. प्रत्येक नाव शोधत बसलात तर तीस पानांत दमाल.

इथला मोठा सापळा म्हणजे खऱ्या-खोट्याचा. या कादंबरीत खऱ्या गोष्टी आणि रचलेल्या गोष्टी एकाच सुरात सांगितल्या आहेत. थर्न उंड टॅक्सिस हे घराणं खरं. युरोपात त्यांनी शतकानुशतकं टपाल चालवलं, १८६७ साली ते प्रशियाने ताब्यात घेतलं. त्यांच्याशी वैर धरणारी ट्रिस्टेरो मात्र पिंचन यांनी रचलेली, पण तिचाही आरंभ १५७७ सालच्या खऱ्या राजकीय धामधुमीत बेमालूम बसवून दिलेला. ईडिपा ज्या चित्रासमोर रडते ते रेमेदिओस वारो यांचं चित्र खरं आहे. ती जे सूडनाट्य बघायला जाते ते आणि त्याचा सतराव्या शतकातला नाटककार, दोन्ही काल्पनिक.

वाचन संपल्यावर गटाने मिळून 'खरं' आणि 'रचलेलं' अशा दोन याद्या कराव्यात. अर्धा तास पुरतो. यादी करताना आपण कुठे कुठे फसलो ते प्रत्येकाने सांगावं. कुणी वारो यांना काल्पनिक धरलेलं असतं, कुणी नाटककाराचं चरित्र शोधत बसलेलं असतं. सांधा दिसत नाही हाच या पुस्तकाचा मोठा भाग आहे, आणि तो व्याख्यान ऐकून कळत नाही, अशी यादी केली की कळतो.

३. अर्थाच्या आधी घटनांचा कागद करा

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून लोक गाळतात. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच.

एका मोठ्या कागदावर तीन रकाने पाडा: काय घडलं, ते कोण सांगतं, आणि सांगणाऱ्याला ते कसं ठाऊक. आता ट्रिस्टेरोबद्दल जे जे कळतं ते भरत जा. काळ्या वेशातले मारेकरी टपालस्वारांवर तुटून पडतात, हे कुठून कळतं? एका नाटकातून. वृद्धाश्रमातल्या एका म्हाताऱ्याने आजोबांकडून ऐकलेल्या गोष्टीतून. तळ्याकाठच्या एका स्मारकपाटीवरून. तिकिटांच्या जाणकाराने दाखवलेल्या बनावट तिकिटांवरून. एका प्राध्यापकाकडच्या जुन्या पुस्तकातून. म्हणजे सगळं ऐकीव, नाहीतर कागदावरचं.

आणि ईडिपाने स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलं? भिंतींवरची, अंगठीवरची, गोंदलेली चिन्हं. पुलाखालचा एक डबा, त्यात पत्रं टाकणारी माणसं, ती पत्रं पिशवीत भरून वाटत फिरणारा एक टपाल्या. त्याच्या मागे मागे ती तासन् तास गेली.

रकाने भरले की दोन वेगळे दावे समोर येतात. 'काही माणसं सरकारी टपाल टाळून चोरून पत्रं पाठवतात' हा पहिला. तो पुस्तकात बऱ्यापैकी सिद्ध आहे. 'हे सगळे एकाच, चारशे वर्षं जुन्या संघटनेचे आहेत' हा दुसरा, आणि तो सिद्ध नाही. बैठकीत तासभर चाललेलं भांडण कित्येकदा एवढ्याचसाठी असतं की एक जण पहिल्या दाव्याबद्दल बोलत असतो आणि दुसरा दुसऱ्याबद्दल.

४. पहिली फेरी: कुठे अडलात, कुठे थांबलात

बैठक सुरू झाली की प्रत्येकाने दोनच गोष्टी सांगायच्या: कुठे अडलो आणि कुठला प्रसंग डोक्यातून जात नाही. मधे कुणी बोलायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, 'अहो त्याचं असं आहे' म्हणायचं नाही. चालवणाऱ्याने याबाबतीत सक्त राहावं.

या फेरीचा एक फायदा आधी लक्षात येत नाही. कोड्यांच्या कादंबऱ्यांत वाचक कोड्यातच अडकतात आणि माणसं राहून जातात. सॅन फ्रान्सिस्कोची ती रात्र बघा. ईडिपा रात्रभर शहरात भटकते, चिन्ह इतक्या ठिकाणी दिसतं की ती मोजणं सोडून देते. पहाटे एका जुनाट लॉजच्या जिन्यात तिला एक म्हातारा खलाशी दिसतो, थरथर कापणारा, डाव्या हातावर तेच शिंग गोंदलेलं. कधीकाळी सोडून आलेल्या बायकोला लिहिलेलं पत्र तो तिच्या हाती देतो आणि पुलाखालच्या डब्यात टाकायला सांगतो. ती त्याला जवळ घेते, आधार देऊन वर खोलीत नेते. तिथे त्याच्या गादीकडे बघून तिला वाटतं, या गादीत किती जणांच्या रात्री, घाम, स्वप्नं जिरली असतील. म्हाताऱ्याच्या विडीची ठिणगी पडून ती एक दिवस पेटेल, आणि ती सगळी नोंद कायमची जाईल.

कूटप्रश्न सोडवायला बसलेल्या गटात हा प्रसंग कुणी काढतच नाही, कारण ट्रिस्टेरोचा छडा लावायला त्याचा उपयोग नाही. पहिल्या फेरीत मात्र कुणीतरी हमखास म्हणतं, "मला तो म्हातारा आठवतोय." तो धागा सोडू नका. माहितीची साठवण आणि नाश हा जो विषय पुस्तकात भौतिकशास्त्राच्या भाषेत येतो, तोच इथे माणसाच्या अंगाने आला आहे. शिवाय त्या डब्यातून जाणाऱ्या टपालात एक तरी पत्र असं आहे की ज्याला खरोखर कुणापर्यंत पोचायचं आहे. हे पुढे, पाचव्या पायरीत, कामाला येईल.

५. एक उतारा उघडा आणि त्यावरून हलू नका

सबंध कादंबरीवर एकदम बोलता येत नाही. अर्धं पान निवडा, कुणीतरी ते मोठ्याने वाचा, मग बोला. माझे दोन आवडते उतारे सांगते.

पहिला, दारूच्या अड्ड्यावरचं टपाल. माइक फॅलोपियन आणि त्याची मंडळी योयोडाइन कंपनीच्या अंतर्गत टपालातून चोरून खासगी पत्रं पाठवतात. नियम असा की प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पत्र पाठवायलाच हवं, नाहीतर दंड. ईडिपा त्याचं एक पत्र बघते. त्यात काय असतं? कसा आहेस, सहज चार ओळी खरडतोय, तुझ्या पुस्तकाचं कुठवर आलं. बस्स. सरकारी मक्तेदारीविरुद्ध एवढा गुप्त कारभार, आणि पत्रात सांगण्यासारखं काही नाही.

यावर गटाला विचारा: हे नुसतं विनोदी आहे का? मग म्हाताऱ्याचं पत्र शेजारी ठेवा. एक पत्र नियमापोटी लिहिलेलं, एक बायकोसाठी. दोन्ही सरकारला चुकवून जाणारी. या दोन पत्रांवरच तासभर सहज जातो, आणि त्या तासात एकाही सिद्धान्ताची गरज पडत नाही.

दुसरा उतारा नवऱ्याच्या पत्राचा. मुचो ईडिपाला पत्र लिहितो. पाकिटावर सरकारी सूचना छापलेली आहे: अश्लील टपाल आल्यास तुमच्या पोस्टमास्तरांना कळवा. फक्त 'पोस्टमास्टर'च्या जागी छापलंय 'पॉट्समास्टर'. ती हे मेट्झगर वकिलाला दाखवते, तो ते छपाईची चूक म्हणून उडवून लावतो. तिकडे आतल्या पत्रात सांगण्यासारखं काही नसेल असं तिला वाटतं, म्हणून ती पाकीटच निरखत बसलेली असते.

आता ही खूण की चूक? सरकारी छापखान्याचा गलथानपणा, ट्रिस्टेरोने छापलेलं बनावट पाकीट, की पिंचन यांची थट्टा? प्रत्येकाने आपलं उत्तर कागदावर लिहावं, मग उघड करावं. आधी बोललात तर जो पहिला बोलतो त्याच्यामागे सगळे जातात.

या जागी इटालियन लेखक-समीक्षक उम्बेर्तो एको यांचा मुद्दा कामाला येतो. १९९० साली केंब्रिजमधल्या व्याख्यानांत (पुस्तकरूपात १९९२) त्यांनी लेखकाचा हेतू, वाचकाचा हेतू आणि खुद्द संहितेचा (म्हणजे समोरच्या मजकुराचा) हेतू असे तीन भाग पाडले, आणि ज्या अर्थाला संहिता आधार देत नाही तो अर्थाचा अतिरेक, असं मांडलं. त्याच पुस्तकात समीक्षक जॉनथन कलर यांनी उलट बाजू घेतली की असा अतिरेकही पुष्कळदा मध्यममार्गी अर्थापेक्षा रंजक आणि उपयोगी ठरतो. गटात दोन्ही स्वभावाची माणसं असतातच, त्यांना ही दोन नावं देऊन टाका. मी स्वतः एकोंच्या बाजूची, पण 'पॉट्समास्टर'पाशी माझाही तोल जातो, कारण पुढच्या प्रकरणांत बनावट तिकिटांवर अशाच बारीक, मुद्दाम केलेल्या चुका निघतात.

६. आता अर्थाचे दावे मांडा, आणि प्रत्येकाला पान मागा

शेवटच्या प्रकरणात ईडिपा स्वतःच शक्यता मोजते. एक, ट्रिस्टेरो खरोखर आहे. दोन, हा तिचा भास आहे. तीन, इन्व्हेरॅरिटीने मरण्याआधी पैसे पेरून तिच्यासाठी रचलेला हा भव्य बनाव आहे. चार, असा बनाव आहे हाच तिचा भ्रम आहे. गटाचे चार भाग करा, चिठ्ठ्या टाका आणि प्रत्येक भागाला एक शक्यता द्या. वीस मिनिटांत फक्त पुरावे गोळा करायचे. आपल्याला न पटणाऱ्या शक्यतेचे पुरावे शोधताना माणूस नीट वाचतो.

काय सापडतं त्याचा नमुना देते. बनावाच्या बाजूने: ट्रिस्टेरोकडे जाणारी जवळजवळ प्रत्येक वाट इन्व्हेरॅरिटीच्या मालमत्तेतून जाते. ज्या दुकानात नाटकाचं पुस्तक मिळतं ते दुकान, ज्या थिएटरात नाटक होतं ते थिएटर, प्राध्यापक ज्या कॉलेजात शिकवतो तिथली देणगी, सगळं त्याचं. हे ईडिपाच्याही लक्षात येतं. त्याला उत्तर असं की ज्याने सगळं गावच विकत घेतलंय, त्याच्या गावात दुसऱ्या कुणाच्या जागी काय सापडणार?

भासाच्या बाजूने: तिचा मानसोपचारतज्ज्ञ वेडा होतो, नवरा एलएसडी या नशेच्या नादी लागतो, वकील एका अल्पवयीन मुलीला घेऊन पळतो, नाटकाचा दिग्दर्शक समुद्रात जाऊन जीव देतो. 'हो, मलाही दिसलं' म्हणणारं कुणी उरत नाही. याच्या विरुद्ध: डॉक्टरने दिलेल्या गोळ्या ती घेत नाही. ही बारीक गोष्ट पहिल्याच प्रकरणात आहे, आणि दुसऱ्या वाचनाशिवाय ती कुणाला सापडलेली मी पाहिलेली नाही.

मग मत घ्यायचं का? मी घेत नाही. त्यापेक्षा विचारा: कुठला पुरावा मिळाला असता तर तुमचं मत बदललं असतं? ज्याला याचं उत्तर देता येत नाही तो पुस्तकाबद्दल बोलत नसून स्वतःच्या स्वभावाबद्दल बोलतोय. तेही ऐकण्यासारखं असतं म्हणा, फक्त ते काय आहे हे ठाऊक असावं.

एव्हाना कुणाच्या तरी लक्षात येतं की आपण ईडिपाचंच काम करतोय: खुणा गोळा करायच्या, जोडायच्या, आणि जोड खरा की आपण लावला याची धास्ती घ्यायची. हे चालवणाऱ्याने आधी सांगू नये. गटातून आलं तरच त्यात मजा आहे.

७. 'लेखकाला काय म्हणायचं होतं?'

हा प्रश्न येणारच, दडपू नका. पण पिंचन यांच्याबाबतीत तो फार दूर नेत नाही. ते मुलाखती देत नाहीत, त्यांची छायाचित्रंही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. या कादंबरीबद्दल त्यांनी १९८४ साली स्वतःच्या कथासंग्रहाच्या प्रस्तावनेत लिहिलं ते एवढंच की तोवर शिकलेलं बरंचसं आपण ती लिहिताना विसरलो होतो असं दिसतं. याचा काय आधार घेणार?

समीक्षेतली बाजू दोन वाक्यांत: विमसॅट आणि बिअर्ड्स्ली या अमेरिकन अभ्यासकांनी १९४६ सालीच म्हटलं होतं की लेखकाचा हेतू हा कृती जोखायचा निकष होऊ शकत नाही, आणि फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी १९६७ साली 'लेखकाचा मृत्यू' जाहीर केला, म्हणजे अर्थ लेखकाच्या हातात नसून वाचकाच्या हातात आहे असं म्हटलं. बैठकीला एवढं पुरे.

त्याहून चांगलं म्हणजे हा वाद कादंबरीच्या आतच बघा. नाटक संपल्यावर ईडिपा दिग्दर्शक ड्रिब्लेटला गाठते आणि नाटकातल्या एका ओळीत ट्रिस्टेरोचं नाव का आलं ते विचारते. तो न्हाणीघरात, वाफेत उभा. तो वैतागतो: शब्दांना काय धरून बसलीस, नाटक माझ्या डोक्यात आहे, मी ते जिवंत करतो. पुढे तो मरतो, आणि त्या रात्री त्याने ती ओळ का वापरली हे सांगणारं कुणी राहत नाही. मग ईडिपा छापील प्रतींकडे वळते, तर आवृत्तीगणिक ती ओळ वेगळी! हा प्रसंग वाचून झाल्यावर 'लेखकाला काय म्हणायचं होतं' असं विचारणारे स्वतःच जरा दबकून विचारतात.

८. सिद्धान्त: उशिरा आणि थोडा

सिद्धान्ताला माझा विरोध नाही, तो पहिल्या तासात आणायला आहे. दुसऱ्या बैठकीसाठी दोनच मुद्दे ठेवा.

समीक्षक ब्रायन मॅकहेल यांनी १९८७ साली एक सोयीची कसोटी दिली. आधुनिकतावादी कादंबरी विचारते, हे जग मला कळणार कसं? उत्तर-आधुनिक कादंबरी विचारते, हे जग आहे तरी कुठलं, आणि अशी किती आहेत? या कसोटीवर त्यांनी 'लॉट ४९'ला उंबरठ्यावरच ठेवलं आहे, कारण ईडिपाची शंका शेवटपर्यंत ज्ञानाचीच राहते. म्हणजे ज्या पुस्तकाला आपण उत्तर-आधुनिक म्हणून हाती घेतलं ते तसं आहे का, यावरच वाद घालता येतो. सापडलेल्या पानांचा इथे उपयोग होतो.

दुसरा मुद्दा फ्रेंच तत्त्वज्ञ ल्योतार यांचा. १९७९ सालच्या त्यांच्या पुस्तकातली 'महाकथनांवरचा अविश्वास' (सगळं जग एकाच मोठ्या गोष्टीत बसवण्यावरचा अविश्वास) ही कल्पना लोक फार लवकर चिकटवतात. विचारा, कुणाचा अविश्वास? ईडिपा तर उलट एक मोठी, सगळं जोडणारी गोष्ट मिळावी म्हणून जिवाचं रान करते.

भौतिकशास्त्राचा सापळा वेगळा सांगते. पुस्तकात नेफास्टिस नावाच्या माणसाचं यंत्र आहे, आणि त्यामागे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६७ साली कल्पिलेला 'राक्षस' आहे, जो वेगवान आणि मंद रेणू वेगळे करत बसतो. गटात एक तरी इंजिनिअर असतो, आणि इथे त्याची कळी खुलते. त्याला दहा मिनिटं द्या, अगदी घड्याळ लावून. एन्ट्रॉपी (ढोबळमानाने अव्यवस्थेचं माप) हा शब्द उष्णतेच्या आणि संदेशाच्या दोन्ही शास्त्रांत येतो एवढं समजलं की काम झालं. मग सगळ्यांना पुन्हा प्रसंगाकडे आणा: ज्याचं मन त्या राक्षसाशी जुळेल त्याने नुसतं बघितलं की यंत्र हलतं, असा नेफास्टिसचा दावा. ईडिपा त्या पेटीवरच्या मॅक्सवेलच्या फोटोकडे टक लावून बसते, बसून राहते, आणि काहीही हलत नाही.

९. नेहमीचे अडथळे

'मला तर बुवा हे सगळं थोतांड वाटतं' म्हणणारा एक असतोच. त्याला गप्प करू नका, पान मागा. कुठल्या पानावर पहिल्यांदा तसं वाटलं? हमखास चांगली जागा निघते. बहुधा पात्रांच्या विचित्र नावांची, आणि त्या नावांनी पात्रं कागदी होतात का हा रास्त प्रश्न आहे.

'प्रत्येकाचा अर्थ वेगळा, सगळेच बरोबर' म्हणणारा जास्त त्रासदायक, कारण तो गोड बोलून चर्चा बंद करतो. त्यालाही तेच: पान.

पुस्तक न वाचता आलेल्याला बसू द्या, पण पहिल्या बैठकीत बोलू देऊ नका. सारांश वाचून आलेला ओळखू येतो. त्याला कथानक ठाऊक असतं, पाकिटावरची चूक ठाऊक नसते.

१०. शेवटचं पान आणि दुसरी बैठक

पहिल्या बैठकीच्या शेवटी अखेरचं पान मोठ्याने वाचा. लिलावगृह, दारं बंद होतात, लिलाव पुकारणारा सज्ज होतो, ईडिपा मागे टेकून ४९ नंबरच्या गठ्ठ्याच्या (म्हणजे 'लॉट ४९'च्या) पुकाऱ्याची वाट बघते. हा गठ्ठा म्हणजे ट्रिस्टेरोची बनावट तिकिटं, आणि तो घ्यायला एक अनोळखी ग्राहक येणार आहे. पान वाचून झालं की लगेच चर्चा उघडू नका. जाताना प्रत्येकाने एक वाक्य लिहून द्यावं: या क्षणी मला काय वाटतं. त्या चिठ्ठ्या चालवणाऱ्याने जपून ठेवाव्यात.

दुसऱ्या बैठकीआधी पूर्ण पुस्तक पुन्हा वाचणं जमलं नाही तरी पहिलं प्रकरण सगळ्यांनी वाचलंच पाहिजे. त्यात इन्व्हेरॅरिटीचा एक फोन आहे, ईडिपाला पत्र येण्याच्या सुमारे वर्षभर आधी रात्री तीनला केलेला. तो एकामागून एक आवाज बदलत बोलतो: परदेशी वकिलातीतला अधिकारी, गेस्टापोचा अधिकारी, रेडिओवरचा रहस्यनायक. ईडिपाला कळत नाही तो कुठून बोलतोय आणि का. पहिल्या वाचनात हे वाह्यात विनोद म्हणून निसटतं. बैठक या फोनपासून सुरू करा, आणि आधीच्या चिठ्ठ्या तो उतारा वाचून झाल्यावरच परत वाटा. तिसरी शक्यता (इन्व्हेरॅरिटीचा बनाव) खोडून काढणाऱ्यांना आपल्या चिठ्ठीत काही बदलायचं आहे का, ते विचारा.